दोन मिनिटांची माय

मानवतला कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत राहणारी राजेश्री सांज झाली की रेचेल व्हायची. खिडकीला आजीची वाकळ टांगायची, म्हणजे जिनिंगची घरघर आत येत नाही. खोली एकच, मधे पडदा. पडद्याआड धाकटी बहीण अर्पिता स्वयंपाक करायची, तिनं भाकरी थापायची ती हळू थापायची. दादा, म्हणजे दोघींचे वडील राधाकिशन, त्या वेळी जिनिंगवर रखवालीला गेलेले असत. एवढा बंदोबस्त झाला की लॅपटॉप उघडून, कानात इअरफोन घालून राजेश्री म्हणायची, "गुड इव्हनिंग, धिस इज रेचेल." पलीकडं कोरियात तोवर लोकांची जेवणं उरकलेली असत.

आता कोरियातल्या माणसाला इंग्रजी बोलायला मानवतची पोरगी कशाला लागावी, असा प्रश्न कुणालाही पडेल. राजेश्रीलाही पडला होता. ही माणसं बालवाडीपासून इंग्रजी शिकतात. शाळा सुटली की शिकवणी, ती सुटली की दुसरी शिकवणी. व्याकरण असं पक्कं की राजेश्रीच्या एम.ए.च्या सरांची त्यांच्यापुढं फजिती व्हावी. पण तोंड उघडायची वेळ आली की घोडं अडलंच. एखादा शब्द चुकला तर चारचौघांत शोभा होईल, ह्या धाकानं माणूस गप्प. म्हणून त्यांच्यासाठी फोनवरचे वर्ग निघाले. रोज थोडा वेळ परक्या माणसाशी बोलायचं. तो दिसत नाही, ओळखीचा नाही, त्याच्यापुढं चुकलं तरी काही बिघडत नाही. असा परका माणूस अमेरिकेतला घेतला तर महाग पडतो, मानवतचा परवडतो.

कंपनीचे दोन हुकूम होते. खरं नाव सांगायचं नाही आणि खरं गाव सांगायचं नाही. गाव विचारलंच तर 'भारतातलं एक मोठं शहर' म्हणायचं आणि लगेच हवापाण्याचा विषय काढायचा. राजेश्रीनं दोन्ही हुकूम इमानानं पाळले. मानवतला मोठं शहर म्हणताना सुरुवातीला तिला हसू यायचं, मग तेही येईनासं झालं.

ह्या लोकांच्या एकेक तऱ्हा तिला हळूहळू कळत गेल्या. पहिल्याच दिवशी ते वय विचारतात. कोण थोर, कोण धाकटं हे ठरल्याशिवाय त्यांची जीभच सुटत नाही. हे मात्र तिला आपल्याकडच्यासारखंच वाटलं. नावानं हाक मारत नाहीत, 'टीचर' म्हणतात. कॉफीला 'कोपी' म्हणतात. आणि फोन ठेवताना म्हणतात, 'टीचर, फायटिंग!' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती घाबरून गेली होती, म्हटलं आपलं काय चुकलं, हा भांडायला का उठला. मागाहून कळलं की तिकडं त्याचा अर्थ 'लढ, हिंमत धर' असा. मग तीही म्हणायला लागली. अर्पिता बारावीचा पेपर द्यायला निघाली तेव्हासुद्धा ती 'फायटिंग' म्हणाली होती, आणि अर्पितानं तिच्याकडं वेड लागल्यासारखं बघितलं होतं.

सगळ्यात मोठी तऱ्हा परीक्षेची. तिकडं इंग्रजी बोलण्याची एक परीक्षा असते. तिच्यात श्रेणी मिळाली नाही तर नोकरी नाही, असलेल्या नोकरीत बढती नाही. समोर पडद्यावर एक चित्रातली बाई प्रश्न विचारते, आपण माइकमध्ये बोलायचं, एकेक उत्तर साधारण दोन मिनिटांचं. परीक्षेआधी तुम्हाला काय काय आवडतं ते निवडायचं असतं, आणि झाडून सगळे एकच निवडतात: मी एकटा राहतो, मला बागेत फिरायला आवडतं, मी गाणी ऐकतो. पहिले काही महिने राजेश्रीला वाटायचं, काय बिचारा देश आहे, घरोघर एकटी माणसं आणि सगळी बागेत फिरतायत. मग एका पोरानं सांगून टाकलं की तो आईबापाजवळ राहतो आणि बागेकडं फिरकलेलासुद्धा नाही. क्लासमध्ये ह्याच विषयांची तयार उत्तरं मिळतात, ती पाठ करायची. ते ऐकून राजेश्री पोट धरून हसली होती. म्हणजे हे तिला ठाऊक होतं. ठाऊक असूनही ग्रेसच्या बाबतीत तिच्या मनाला शंका शिवली नाही, ह्याचंच तिला पुढं फार लागलं.

ग्रेस हे अर्थातच खरं नाव नव्हे. तिकडचे लोक इंग्रजी बोलायला बसले की इंग्रजी नाव अंगावर चढवतात, दोन्हीकडून तोच कारभार. ग्रेस चाळिशीची, मोठ्या कंपनीत हिशेबाच्या खात्यात, श्रेणीपायी बढती अडकलेली. आवाज मऊ. पहिल्या दिवशी तिनं वय विचारलं आणि म्हणाली, "मी मोठी. तू मला ऑन्नी म्हण." ऑन्नी म्हणजे थोरली बहीण. राजेश्री स्वतःच घरातली थोरली. माय गेली तेव्हापासून सगळ्यांची ताई तीच, तिला ताई म्हणायला कुणी नव्हतं. म्हणून तो शब्द तिच्या तोंडात चटकन बसला.

एका संध्याकाळी सरावाचा प्रश्न होता: घरातल्या एखाद्या जपून ठेवलेल्या वस्तूबद्दल सांगा. ग्रेसनं छत्रीबद्दल सांगितलं. बोलणं इंग्रजीत, तेही तुटक, पण आपण ते आपल्या भाषेत ऐकू.

"मला एक धाकटा भाऊ होता," ग्रेस म्हणाली. "तो सैन्यात निघाला त्या दिवशी पाऊस होता. बस आली तेव्हा त्यानं छत्री माझ्या हातात दिली. म्हणाला, परत आलो की घेईन. तो परत आला नाही. छत्री दाराच्या मागे आहे. कितीही पाऊस असला तरी मी ती उघडत नाही."

एवढं बोलून ती थांबली. फोनवर रडणं आवरल्यासारखा नुसता श्वास ऐकू येत होता. राजेश्रीनं इअरफोन काढून डोळे पुसले. त्या उत्तरात चुका पाच-सहा तरी होत्या, तिनं एकही दाखवली नाही.

"ऑन्नी," ती म्हणाली, "माझं नाव रेचेल नाही."

आणि ती बोलत सुटली. नाव सांगितलं, गाव सांगितलं, सोनपेठच्या पलीकडचं, गोदावरीच्या काठाजवळचं आपलं खेडं सांगितलं. आणि मग जे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, ते सांगितलं.

तिचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. दिवाळी झाली की निघायचे ते उन्हाळ्याच्या तोंडावर परत. राजेश्री शाळेसाठी मागं आजीजवळ. निघताना तिची माय, पारूबाई, राजेश्रीचा शाळेचा जुना निळा फ्रॉक गाठोड्यात घालायची. उसाच्या फडाजवळच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तो उशाला घेऊन झोपायची. आजी एकदा म्हणाली, पोरीचा फोटो ने की, फ्रॉक कशाला? माय म्हणाली, "फोटोला कुटं वास असतोय?" मायचं हे एवढं एकच वाक्य राजेश्रीला तिच्या आवाजासकट आठवायचं. उन्हाळ्यात माय परत आली की फ्रॉक परत यायचा, आणि आता त्याला मायचा वास असायचा, चुलीचा धूर आणि उसाचा आंबूस गोडवा.

शेवटच्या साली मायच्या अंगावर लेकरू होतं, ते ती सोबत घेऊन गेली. फडावर तिला ताप भरला आणि दवाखाना गाठायच्या आत ती गेली. ट्रॅक्टर गावात आला तेव्हा टोळीतल्या कडूबाईच्या मांडीवर ते लेकरू होतं, त्याच निळ्या फ्रॉकात गुंडाळलेलं. कडूबाईनं ते राजेश्रीच्या हातात दिलं. म्हणाली, "घे माय, तुजा फराक बी हाय आन तुजी भईन बी." राजेश्री तेव्हा तिसरीत होती. ते लेकरू म्हणजे अर्पिता. तो फ्रॉक राजेश्रीनं त्यानंतर कुणाला धुऊ दिला नाही.

पलीकडं ग्रेसनं जपून, एकेक अक्षर लावत म्हटलं, "ला-जे-शु-ली." आणि स्वतःच हसली. पुन्हा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा जवळजवळ बरोबर म्हणाली. पुढं ती तिला त्याच नावानं हाक मारायची. दिवसभरातला तेवढाच काय तो वर्ग राजेश्रीचा स्वतःचा असायचा.

अर्पिताला मात्र ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. घरात मायचा विषयच निघत नसे. कुणी काढला तर दादा चपला घालून बाहेर पडायचे. लहानपणी अर्पितानं एकदा विचारलं होतं, "ताई, माय कशी व्हती गं?" राजेश्री म्हणाली, "चांगली व्हती," आणि तेवढ्यावर थांबली. तिच्या मनात होतं की अर्पिता मोठी झाली, सासरी निघाली, की त्या दिवशी तिला जवळ बसवायचं, फ्रॉक हातात द्यायचा आणि सगळं सांगायचं. मायनं मागं ठेवलेलं दुसरं काही नव्हतं. दागिना राखून ठेवावा तशी ती ही गोष्ट राखून होती. ग्रेसला सांगितली तेव्हा तिला वाटलं, सांगून ती थोडीच कमी होते? आणि ऑन्नी म्हणजे घरचीच.

उन्हाळ्यात केविन नावाचा एक पोरगा तिच्या वर्गाला आला. नोकरीच्या मुलाखती देत होता, परीक्षा तोंडावर आलेली. "टीचर, मी एक उत्तर म्हणतो. तुम्ही नैसर्गिक करा," तो म्हणाला. प्रश्न होता, लहानपणीची एखादी न विसरणारी आठवण. त्यानं घसा साफ केला आणि सुरुवात केली.

त्याची आई म्हणे दर हिवाळ्यात लांबच्या बेटावर संत्र्यांच्या बागेत कामाला जायची. तो आजीजवळ राहायचा. जाताना आई त्याचा शाळेचा खेळाचा शर्ट बरोबर न्यायची आणि उशाला घेऊन झोपायची.

राजेश्रीच्या हातातला पेन थांबला. तिला वाटलं, असतं, जगात सगळीकडं आया असतात. सगळ्याच आया लेकराचं काहीतरी उशाला घेत असतील.

"आजी म्हणाली, फोटो घेऊन जा," केविन पुढं म्हणाला. "माझी आई म्हणाली, फोटोला वास नसतो."

ते मायचं वाक्य होतं. राजेश्रीनं ज्या इंग्रजी शब्दांत ते ग्रेसला सांगितलं होतं, त्याच शब्दांत, त्याच क्रमानं. तिकडं लहान पोरांना शाळेचा गणवेश नसतो, म्हणून फ्रॉकाच्या जागी खेळाचा शर्ट आला होता. उसाच्या जागी संत्री आली होती. चुलीचा धूर गेला होता. शेवटी आई परत आली, शर्टाला संत्र्याचा वास येत होता, आणि उत्तर संपलं.

"टीचर? नैसर्गिक आहे का?"

आता इथं दुसरी कुणी असती तर तिनं तिथल्या तिथं त्याची कानउघाडणी केली असती. पण राजेश्रीचा वर्ग चालू, आणि कंपनी कधी मधेच ऐकेल सांगता येत नाही. तिनं त्याच्या दोन चुका दुरुस्त केल्या. मग स्वतःचाच आवाज तिच्या कानावर आला, "फोटोच्या वाक्याआधी थोडं थांब. मग म्हण." केविननं थांबून म्हणून दाखवलं. खरंच बरं झालं होतं. तो खूश होऊन म्हणाला, "टीचर, फायटिंग!"

त्या आठवड्यात आणखी दोघीजणींनी तेच उत्तर म्हटलं. एकीच्या आईनं शर्टाऐवजी टोपी नेली होती, दुसरीची आई मासळीच्या कारखान्यात होती. फोटोचं वाक्य मात्र प्रत्येकीच्या तोंडी जसंच्या तसं. राजेश्री दुरुस्त करत राहिली. आपल्याच मायला दारोदार फिरवावं आणि वर तिचा पदर नीट करून द्यावा, असं तिला झालं होतं. रात्री तिनं ताट तसंच सारलं. अर्पितानं विचारलं तर म्हणाली, पित्त झालंय.

तक्रार करायची तर कुणाकडं? कंपनीकडं गेलं तर पहिला सवाल हाच, की तुमच्या घरची गोष्ट बाहेर गेलीच कशी? खरं नाव, खरं गाव सांगायचं नाही हा हुकूम तिनंच मोडला होता. ग्रेसनं परीक्षेपायी थोडे दिवस वर्ग थांबवले होते, तिच्या पुढच्या वर्गाची वाट बघणं भाग होतं. वाट बघता बघता मनाची समजूत काढायचे सगळे प्रकार तिनं करून बघितले. ग्रेसचा फोन कुणीतरी ऐकला असेल. कुणी चोरलं असेल. ऑन्नी स्वतः देणार नाही.

"राजेश्री!" ग्रेसचा आवाज त्या दिवशी कधी नव्हे इतका मोकळा होता. "मला श्रेणी मिळाली. बढती झाली. तुझ्यामुळं."

"कोणतं उत्तर सांगितलंस, ऑन्नी?"

"तुझ्या आईचं. शर्टाचं." शेजारणीकडून नेलेलं पातेलं सांगावं इतक्या सहज ती म्हणाली. "आमच्या अभ्यासगटात सगळ्यांना आवडलं. मी त्यांना सांगितलं, माझ्या टीचरनं दिलंय. ते म्हणाले, आम्हालाही ह्याच टीचर हव्यात. तुझ्याकडं नवीन विद्यार्थी आले ना?"

म्हणजे केविन आणि त्या दोघी ग्रेसनंच पाठवले होते. तिच्या हिशेबानं ते उपकार होते.

"ती माझी आई होती," राजेश्री म्हणाली.

"हो. म्हणून तर चांगलं आहे. पाठ केलेल्या उत्तरांत ते नसतं. खरं वाटतं."

"आणि बाळ? फ्रॉकात गुंडाळलेलं बाळ?"

"बाळ मी काढलं," ग्रेस म्हणाली. "उत्तर दोन मिनिटांचं. बाळ आलं की लांबतं. आणि आई मेली, बाळ आलं, हे फार दुःखी होतं. तपासणारा म्हणेल, खोटं आहे."

राजेश्रीनं विचारलं, "तुझा भाऊ?"

"कोणता भाऊ?"

"छत्रीचा."

ग्रेस हसली. लबाडी पकडल्यावर माणूस हसतो तसं ते हसू नव्हतं, जुनी गंमत आठवल्यावरचं होतं. "ती छत्री! ती फार जुनी आहे, आमच्याकडं सगळ्यांना पाठ आहे. मला भाऊ नाही. मी एकुलती एक."

"तू रडली होतीस, ऑन्नी."

"तिथं थांबायचं असतं. क्लासमध्ये तसं शिकवतात. थांबलं की पाठ केल्यासारखं वाटत नाही." मग तिच्या काहीतरी लक्षात आलं असावं. आवाज पुन्हा मऊ झाला. "तुला वाईट वाटलं का? मला वाटलं, तुला आनंद होईल. आपण सरावच करत होतो ना? तूही सराव करतेयस असं मला वाटलं."

राजेश्रीला मनापासून वाटत होतं की ग्रेसनं दगा दिला असं स्वच्छ म्हणता यावं, तोंडावर म्हणावं, आणि फोन आपटावा. पण ग्रेसनं कुठं काही लपवलं होतं? विचारलं तसं तिनं सांगून टाकलं. तेच तर सहन होत नव्हतं. राजेश्रीनं जीव काढून दिला होता आणि समोरच्या बाईनं तो चांगला नमुना म्हणून उचलला होता.

"सॉरी, टीचर," ग्रेस म्हणाली. टीचर म्हणाली, नाव नाही घेतलं. मग बरोबर ठरल्या वेळी म्हणाली, "रेचेल टीचर, फायटिंग," आणि फोन ठेवला. श्रेणी मिळालेली होती, पुढचे वर्ग तिला नको होते. कंपनीच्या ॲपवर तिनं राजेश्रीला पाचपैकी पाच तारे दिले.

त्यानंतर राजेश्री कुणाशीही कामापुरतंच बोलू लागली. मायचं उत्तर येतच राहिलं. परीक्षेच्या आधीच्या दिवसांत तर दर संध्याकाळी एखादं तरी यायचं. ती ते न ऐकता ऐकायला शिकली, कुठं काय दुरुस्त करायचं ते तिला आता आपोआप कळायचं. फोटोच्या वाक्याआधी थांबायला ती सगळ्यांनाच सांगायची.

मग एका संध्याकाळी इअरफोन बंद पडला. वर्ग तोंडावर, दुकानापर्यंत जायला वेळ नाही, म्हणून तिनं लॅपटॉपचा आवाज तसाच खोलीत मोकळा सोडला. सोफिया नावाची कॉलेजातली पोरगी होती, उच्चार स्वच्छ. तिनं संत्र्याच्या बागेतली आई सगळीच्या सगळी म्हणून दाखवली. फोटोच्या वाक्याआधी नीट थांबली. पडद्याआड भाकरी थापायचा आवाज मधेच बंद झाला, तो राजेश्रीच्या ध्यानात आला नाही.

वर्ग संपला तेव्हा अर्पिता पडदा सारून उभी होती. हाताला पीठ, डोळे भरलेले. तिला एवढं इंग्रजी कळत होतं.

"ताई, ह्या पोरीची माय कशी व्हती गं," ती म्हणाली. "लेकराचा शर्ट उशाला घिऊन निजायची. लय नशिबाची हाय पोरगी. आपली माय अशी व्हती का न्हाई, कुनाला म्हाईत."

राजेश्रीला वाटलं होतं तो दिवस हा नव्हता. अर्पिताच्या अंगावर हळद नव्हती, घरात पाहुणे नव्हते, तव्यावर भाकरी होती. पण आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"ती माय त्या पोरीची न्हाई," ती म्हणाली.

"मंग कुनाची?"

"आपली हाय. तुजी आन माजी."

अर्पिता तिच्याकडं बघत राहिली. राजेश्रीनं कॉटखालची पेटी ओढली, तळातून निळा फ्रॉक काढला आणि बहिणीच्या मांडीवर ठेवला. मग तिच्यासमोर बसली. इतकी वर्षं ह्या वेळेची तिनं मनात तयारी केली होती. सांगायला तोंड उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की ही गोष्ट आपण आपल्या भाषेत आजवर एकदाही सांगितलेली नाही.

"आपली आई दरवर्षी सहा महिने दूर गावी कामाला जात असे," ती म्हणाली. ह्या घरात कुणी 'जात असे' म्हणत नव्हतं. मायला तर कुणी आई म्हणत नव्हतं. तिनं पुन्हा सुरुवात करायचा प्रयत्न केला, पण पुढचं वाक्य आधीच जिभेवर आलेलं होतं, आणि त्याच्या पाठीमागं त्याच्या पुढचं. "मी आजीजवळ राहत असे. निघताना ती माझा शाळेचा फ्रॉक सोबत घेत असे आणि रात्री तो उशाला घेत असे."

"ताई, तू कामून असं वाचून दाखवल्यावानी बोलायलीस?"

"ऐक. आजी म्हणाली, फोटो घेऊन जा." इथं राजेश्री थांबली. तिला थांबायचं नव्हतं. खरंच हुंदका आला होता, पण तो बरोबर तिथंच आला होता, जिथं ती सगळ्यांना थांबायला सांगायची. "आई म्हणाली, फोटोला वास नसतो. उन्हाळ्यात ती परत आली. फ्रॉकाला तिचा वास येत होता."

एवढं झालं आणि पुढं काही येईना, उत्तर इथंच संपायचं.

अर्पितानं फ्रॉक उचलून तोंडाशी नेला. बराच वेळ हुंगला. इतक्या वर्षांनी त्याला पेटीच्या पत्र्याचाच काय तो वास असणार. मग तिनं तो खाली घेतला, पिठाचे डाग पडले होते ते बोटानं झटकले, आणि विचारलं, "आन मी कुटं व्हते?"

राजेश्रीनं तिच्याकडं बघितलं.

"तवा मी न्हवते का? का मागून झाले? माज्यावर बी तिचा जीव व्हता का न्हाई, सांग की."

ती त्याच फ्रॉकात होती. कडूबाईच्या मांडीवर, मुठी आवळून झोपलेली, आणि तिच्यापायीच तर राजेश्रीनं ही गोष्ट राखली होती. ग्रेसनं तिला काढून टाकलं होतं, आणि आता राजेश्रीनंही काढलं होतं, तिच्याच तोंडावर. ग्रेसनं तर बाळाचं नावसुद्धा कधी विचारलं नव्हतं. राजेश्रीला ते नाव ठाऊक होतं, ट्रॅक्टरचा आवाज ठाऊक होता, कडूबाईचे शब्द ठाऊक होते. पण ते आता सांगावेत तर अर्पिताला मागून जोडल्यासारखे, समजूत घातल्यासारखे वाटणार, हे तिला तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

"तू..." ती म्हणाली आणि थांबली.

अर्पिता वाट बघत होती. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास सुटला, तेव्हा फ्रॉक कॉटवर ठेवून ती उठली आणि पडद्याआड गेली.